पिवळं पुस्तक आणि पिवळी मारबत

रविवारी 'मॉर्क बोर्ग' खेळणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या एका पोराने परवा विचारलं, "दादा, मराठीत असा गेम कधी येईन?" मी म्हटलं, आख्खा गेम कशाला पाहिजे, सोळा पानांची पुस्तिका येऊ दे. तो हसला. मी मात्र मनापासून बोललो होतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. 'मॉर्क बोर्ग' हा स्वीडनचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, बोलून आणि फासे टाकून खेळायची गोष्ट. नावाचा अर्थ काळोखा गड. (तिकडचे लोक 'बोर्य' असं काहीतरी म्हणतात, आम्ही आपलं बोर्ग.) लिहिला पेले निल्सनने, चित्रं आणि मांडणी योहान नोरची, इंग्रजी आवृत्ती २०२० मध्ये फ्री लीग या प्रकाशकाने काढली. यातलं जग मरायला टेकलेलं आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. गोष्टीतल्या रोजच्या पहाटे जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, एक फासा टाकतो. एक पडला की पुस्तकातल्या भाकितातलं एक अरिष्ट खरं होतं आणि सातव्या अरिष्टाला सगळं संपतं. पुस्तक जाळून टाका, असं तिथे पुस्तकच सांगतं. फासा किती बाजूंचा घ्यायचा ते टेबलावर आधी ठरवायचं. शंभर बाजूंचा घेतला तर जग सरासरी सातशे दिवस कण्हत राहतं, दोन बाजूंचा घेतला तर चौदा दिवसांत आटोपतं. एवढ्या एका नियमात आख्ख्या मोहिमेची लांबी आणि तिची भीती दोन्ही बसवलीय. मला तो नियम फार आवडतो.

पण हा गेम जगभर पसरला तो नुसत्या नियमांमुळे नाही. त्याचं थर्ड पार्टी लायसन्स, म्हणजे बाहेरच्यांना दिलेली खुली परवानगी, हे माझ्या मते खरं कारण. कोणीही याच्यासाठी साहस, पात्रं, राक्षस, काहीही लिहावं, छापावं, विकावं. रॉयल्टी नाही, परवानगीसाठी पत्रव्यवहार नाही. मूळ पुस्तकातली चित्रं उचलायची नाहीत, आपलं काम अधिकृत असल्याचं भासवायचं नाही, आणि ही स्वतंत्र निर्मिती आहे असं सांगणारा ठरलेला मजकूर छापायचा. बस. मूळ नियमांचा चित्रांशिवायचा साधा पीडीएफसुद्धा फुकट आहे. समुद्री चाच्यांचा 'पायरेट बोर्ग' असाच बाहेरच्या माणसाने केला आणि आज तो स्वतःच्या पायावर उभा असलेला जाडजूड गेम आहे. जानेवारी २०२३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स या सगळ्यात प्रसिद्ध रोलप्लेइंग गेमचं २००० सालापासूनचं खुलं लायसन्स बदलायच्या हालचाली झाल्या तेव्हा लेखकांचे किती हाल झाले ते आठवा. शेवटी तो गेम काढणाऱ्या कंपनीने नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या कोणालाही वापरता येणाऱ्या खुल्या लायसन्सखाली टाकले तेव्हा लोक शांत झाले. छोट्या माणसाने काय लिहावं हे लायसन्सच्या एका पानावर ठरतं. हे पान मराठी माणसालाही तितकंच लागू आहे आणि आपण ते वापरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तक्रार. या गेमसाठी निघणाऱ्या पुस्तिका मी भरपूर वाचल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मला एकसारख्या वाटतात. कवट्या, रक्ताचे डाग, वाकडीतिकडी अक्षरं, आणि मग ज्याचं टेबलावर काही करता येत नाही असा मजकूर. नोरचं पान वेडंवाकडं दिसतं, पण नियम हवा तेव्हा बरोबर सापडतो. नक्कल करणाऱ्यांनी वेड घेतलं आणि ते सापडणं सोडून दिलं. चांगली पुस्तिका मी एकाच कसोटीवर ओळखतो: आज संध्याकाळी वाचली तर आज रात्री खेळता येते का?

मीही पहिल्यांदा हीच चूक केली. माझी पुस्तिका मारबतीवर आहे. मूळ पुस्तकाचं मुखपृष्ठ भडक पिवळं, त्यावर काळं चित्र. नागपूरच्या माणसाला ते पाहून दुसरं काय आठवणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गर्दीत काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तो क्षण मी लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पाहिलाय. काळी १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, असं इथे सांगतात. बाहेरच्यांसाठी सांगतो, हे कागद-बांबूचे अवाढव्य पुतळे. गावातली रोगराई, पिडा त्यांच्यावर लादायची, मिरवत न्यायचं आणि जाळायचं. सोबत बडगे असतात, त्या वर्षी ज्याच्यावर राग असेल त्याचे पुतळे, आणि त्यांच्यावर पेंटरच्या हातच्या ठळक अक्षरांत घोषणा.

मी काय केलं? काळी मारबत राक्षस म्हणून लिहिली. हिट पॉइंट (किती मार खाल्ल्यावर मरणार तो आकडा), चिलखत, पंजाचा मार, सगळं. अभिमानाने ते नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंना वाचून दाखवलं. त्या दरवर्षी पिवळीला नारळ चढवतात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिले मारून कसे राहिले रे तुम्ही? ते तं आपलं घेऊन जाते न बाबू."

घरी येऊन पंधरा पानं फाडली.

आता पुस्तिकेत मारबतीला हिट पॉइंट नाहीत. एखादं अरिष्ट आलं की खेळाडू ते पुतळ्यावर लादू शकतात, पण मग तो पुतळा सूर्यास्ताच्या आत वेशीबाहेर न्यावा लागतो. वाटेत प्रत्येक गल्लीत लोक दारं उघडतात: माझ्या पोराचा ताप घेऊन जा, माझ्या सासऱ्याचं कर्ज घेऊन जा. प्रत्येक 'हो'ला पुतळा जड होतो, ताकदीची चाचणी दोनने अवघड होते. 'नाही' म्हटलं तर ती गल्ली वाट अडवते. पुतळा खाली पडला तर त्यावरचं सगळं उचलणाऱ्यांच्या अंगावर. वेशीवर पोचला तर ते अरिष्ट भाकितातून पुसायचं. मागच्या महिन्यात खेळलो तेव्हा आमच्यातला सगळ्यात भांडकुदळ पोरगा एका म्हातारीला 'नाही' म्हणू शकला नाही आणि पुतळा वेशीपासून एका गल्लीवर पडला. टेबलावर कोणी काही बोललं नाही बराच वेळ. असं दृश्य मी ठरवून लिहू शकलो नसतो. ते 'घेऊन जाते' या दोन शब्दांतून आलं.

छपाईबद्दल थोडं, कारण कोणी सांगत नाही. ए-फोरचे चार कागद, दोन्ही बाजूंनी छापून मधोमध घडी घातली की सोळा पानं होतात. घडीवर गच्च काळा रंग ठेवू नका, टोनर तडकून पांढरी रेघ उमटते. माझ्या पहिल्या चाळीस प्रती अशाच गेल्या. मजकुरासाठी 'मुक्त' हा मोफत फाँट घेतला, त्यात जोडाक्षरं नीट बसतात. गॉथिक अक्षरांचा देवनागरी अवतार शोधत बसू नका. मथळे मी बडग्यांवर अक्षरं काढणाऱ्या एका पेंटरकडून ब्रशने लिहून घेतले आणि स्कॅन केले. त्या अक्षरांत जो राग आहे तो फाँटमध्ये नाही.

पुढची पुस्तिका चकव्यावर करतोय. एकाच शेताभोवती रात्रभर फिरवणारा आपला चकवा. एका ठिकाणी अडकलोय: चकवा लागलाय हे खेळाडूंना सांगायचं, की नकाशावर त्यांना फिरू द्यायचं आणि तीच विहीर तिसऱ्यांदा आली की त्यांचं त्यांना कळू द्यायचं? काटोल, उमरेड, कुही भागातल्या कोणाच्या आजोबांना खरंच चकवा लागला असेल, तर त्यातून ते सुटले कसे एवढं मला कळवा. सुटायचा नियम त्यावरच लिहायचा आहे.