माती पाण्यात टाका, डेंग्यू घालवा? काहीही!

पाऊस लागला की आमच्या खानापूर भागात व्हॉट्सअ‍ॅपवर काहीबाही फिरायला लागतं. या खेपेचा मेसेज असा: आफ्रिकेच्या जंगलातल्या ओढ्यांतला रंगीत किली मासा, अंडी सुक्या मातीत टिकतात, माती पाण्यात टाकली की तासाभरात पिल्लं, महिनाभरात मरतो म्हणून धोका नाही, विषारी रंगामुळे बगळे खात नाहीत, नाल्यात सोडा, डेंग्यू गायब. जांबोटीचा आतेभाऊ आता ही अंडी ऑनलाइन मागवायला निघालाय, म्हणून लिहितोय.

अंड्यांचं अर्धं खरं, मान्य. पण तो मासा वेगळा. सुक्या चिखलात तग धरतात ती झिंबाब्वे-मोझांबिककडच्या आटणाऱ्या डबक्यांतल्या नोथोब्रँकियस नावाच्या किलीची अंडी. गॅबॉन-कॅमेरूनच्या जंगलातला अफायोसेमियन नावाचा किली मुळांना, पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो आणि नीट सांभाळला तर दोन-तीन वर्षंही जगतो. म्हणजे फोटो एकाचा, गुण दुसऱ्याचे. महिन्याभराचं आयुष्य तर दोघांचंही नाही. विषारी रंगाचं सोडूनच द्या, नर मादीसाठी नटतो.

आता डेंग्यू. अरे बाबा, डेंग्यूचा एडिस डास वाहत्या नाल्यात अंडी घालतच नाही! त्याला तुझ्या परसातलं साठवलेलं पाणी लागतं: उघडं बॅरल, टायर, करवंटी, फ्रिजमागचा ट्रे. अंडी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा बॅरल आतून खसाखसा घासावं लागतं. रोज नळ येत नाही, साठवावं लागतं, कबूल. मग बॅरलच्या तोंडाला फडकं बांध की!

बाहेरचा मासा सोडण्याचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. डासांसाठीच १९२८ साली इटलीहून गंबूसिया नावाचा मासा आणला. आज तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटाने काढलेल्या जगातल्या १०० उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. इतर माशांची अंडी नि बेडकांची पिल्लं खातो, शेपट्या कुरतडतो. कणकुंबीला उगवणाऱ्या मलप्रभेच्या नाल्यांत हेच करायचंय का?

आणि डासांच्या अळ्या खाणारा किली पश्चिम घाटात आधीपासून आहे की! अ‍ॅप्लोकायलस, बोटभर लांबीचा, पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहणारा. काठावरून वाकून पाहिलं तर आधी डोक्यावरचा चांदीसारखा ठिपका चमकतो, मासा मागाहून दिसतो.

अंडी मागवलीच असतील तर घरात काचेच्या टाकीत ठेव, वर झाकण लावून. हे मासे उड्या मारतात. नाल्याकडे मात्र नेऊ नको.