चाचे खजिना पुरून ठेवत नसत

‘समुद्री चाचे लूट बेटावर पुरत, नकाशावर फुली मारत आणि कैद्यांना फळीवरून समुद्रात चालवत’ असा मजकूर सध्या मुलांच्या ग्रुपवर इतिहास म्हणून फिरतो आहे. तो इतिहास नाही. फुल्यांचा नकाशा घराघरांत पोचला तो ‘ट्रेझर आयलंड’ या १८८३ च्या कादंबरीमुळे.

पुरलेल्या लुटीचं नीट नोंदलेलं उदाहरण म्हणजे कॅप्टन विल्यम किड. १६९८ च्या जानेवारीत त्याने भारताच्या किनाऱ्याजवळ ‘क्वेदा मर्चंट’ हे सुरतेच्या वाटेवरचं जहाज पकडलं. त्यात भरलेलं काय होतं? रेशीम, मलमल, साखर, अफू, सोरा. सांगा, साखरेची पोती वाळूत पुरून काय उरणार? असा माल बंदरात मिळेल त्या भावाने विकायचा आणि पैसे वाटून घ्यायचे, हीच रीत होती. किडने १६९९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर थोडं सोनं-चांदी पुरलं खरं, पण गव्हर्नरने ते लगेच उकरून काढून लंडनला पाठवलं. १७०१ मध्ये किडला फाशी झाली.

फळीवरून चालवण्याचे पुरावेही अगदी तुरळक, तेही किडच्या काळानंतरचे.

मुलांना सांगण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्यांच्या कप्तानाच्या जहाजावर लेखी नियम होते: प्रत्येकाला मत, कप्तानाला दोन वाटे, आणि कामात हात-पाय गमावणाऱ्याला सामाईक पेटीतून ८०० स्पॅनिश डॉलर. हे पाठवा.