आठशे नंबरचा कागद

आमची गाडी २०१०ची. गाडीला पंधरा वर्षं झाली की आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करून घ्यावं लागतं आणि तिथे लाईटही बघतात, हे मला माहीत होतं. पण नियमाच्या धाकानं कामाला लागणाऱ्यांतला मी नव्हे. मला कामाला लावलं ते खंबाटकी घाटानं.

जुलैतली रात्र, धो धो पाऊस, आणि आम्ही पुण्याहून वाईला माझ्या सासुरवाडीला निघालेलो. हेडलाईट लावले, तर उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी दिव्याच्या काचेतच अडकून बसला. देवघरातली समई बॉनेटवर ठेवली असती तरी बरं दिसलं असतं. पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून घाट चढलो. त्या ट्रकवाल्यानं वाटेत कुठे मुक्काम केला असता, तर आम्हीही तिथेच राहिलो असतो. घाट उतरल्यावर सुरूर फाटा आलाच नाही. म्हणजे तो आला असणार, आम्हाला दिसला नाही.

"मी खिडकीतून टॉर्च धरू का?" बायकोनं विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून जास्त लागलं.

पाचवडवरून वळून उशिरा वाईत पोचलो. सासरे जागेच होते. छत्री घेऊन बाहेर आले, गाडीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या पद्मिनीच्या काचा कधी पिवळ्या नाही पडल्या." ती प्रीमियर पद्मिनी विकून तीस वर्षं झाली. तिचे गोल दिवे खऱ्या काचेचे होते. दगड लागला की फुटायचे, पण पिवळे पडायचे नाहीत. फुटल्याचं मात्र सासरे सांगत नाहीत.

आमच्या गाडीची काच ही काच नाहीच, हे मला त्यानंतर कळलं. ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक. सीडी त्याचीच असते आणि दंगलीत पोलीस पुढे धरतात ती पारदर्शक ढालही बहुतेक त्याचीच. वजनाला हलकं, दगडाला दाद न देणारं, हव्या त्या आकारात वळणारं. फक्त ऊन सोसत नाही आणि ओरखडे लगेच उठतात. म्हणून कारखान्यात त्यावर पातळ, कडक, पारदर्शक थर चढवतात. वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून तो थर मरतो आणि मग खालचं प्लॅस्टिक पिवळं पडायला मोकळं होतं. आमच्या पार्किंगमध्ये गाडीची उजवी बाजू दिवसभर उन्हात आणि डावी जिन्याच्या सावलीत. त्यामुळे डावा दिवा ताकासारखा आणि उजवा थेट कढीसारखा झाला होता. (मोतीबिंदूची उपमा सोसायटीतल्या सात जणांनी आधीच देऊन झाली होती. आठवा मी होणार नाही.)

पहिला सल्ला चेअरमनांचा. "टूथपेस्ट लावून घासा. खर्च शून्य." घासली. खरंच उजळलं! पेस्टमध्ये दात घासायला बारीक खर असते, ती प्लॅस्टिकही घासते. पण वरचा गेलेला थर ती कुठून आणणार? तीन आठवड्यांत कढी पुन्हा कढी. मधल्या काळात पहिल्या पावसात गाडीला पुदिन्याचा वास तेवढा आला आणि आईनं, "परवाच तर नवी पेस्ट काढली होती," हे वाक्य चार दिवस पुरवून वापरलं.

मग कुणी रॉकेल सांगितलं, कुणी डास मारायचा स्प्रे. असल्या गोष्टींनी हे प्लॅस्टिक घटकाभर चकाकतं आणि पुढे त्याला बारीक चिरा पडतात, एवढं वाचून झालं होतं. शेवटी नाना पेठ गाठली. दुकानदार म्हणाला, "नवीन घ्या, एका बाजूचे साडेतीन हजार." मी म्हटलं, घासणार आहे. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. "स्वतः?" या एका शब्दानंतर त्यानं काही न बोलता वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड आणि लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, एक डबा काढून ठेवला.

रविवारी सकाळी आठला डाव्या दिव्यापासून सुरुवात केली. सोपा आधी. कडेनं टेप लावली, कारण कागद घसरला की बॉनेटचा रंग जातो. मग पाणी मारत आठशे नंबरचा कागद. आधी हळदीसारखं पाणी निघालं आणि मला विलक्षण समाधान वाटलं. मग पांढरं निघायला लागलं. मग पाणी पुसून पाहिलं.

आठशे नंबरनं घासलेला हेडलाईट हे दृश्य माणसानं मन घट्ट करूनच पाहावं. मघाशी निदान पिवळट का होईना, दिवा होता. आता तिथे न्हाणीघराच्या खिडकीची काच बसवल्यासारखं दिसत होतं. आधी बिघडवायचं आणि मग हजार, पंधराशे, दोन हजार, तीन हजार अशा चढत्या नंबरांनी (नंबर मोठा तेवढा कागद बारीक) सुधारत न्यायचं, अशीच याची रीत आहे. पण हे मला माहीत. जगाला कुठे माहीत? आणि जग नेमकं तेव्हाच खाली उतरलं.

इस्त्रीवाला थांबला, काही न बोलता मान हलवून गेला. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, होती ती बरी होती की रे." वॉचमन मामांनी धीर दिला, "ऱ्हाऊ द्या साहेब, भंगारात जाईल तशी." चेअरमन गॅलरीतून ओरडले, "पाणी बोअरचं आहे ना?"

या गर्दीत पंधराशे आणि दोन हजारचे कागद कुठे गेले कळलं नाही. (नंतर कळलं. बी विंगच्या पोरांनी होड्या केल्या होत्या. वॉटर पेपरच्या होड्या छान तरंगतात म्हणे.) मी म्हटलं, हजारवरून एकदम तीन हजारवर उडी मारू, कोण बघतंय? हेडलाईट बघतो. आधीच्या कागदाचे ओरखडे पुढचा कागद काढतो. मधल्या पायऱ्या गाळल्या की ते तसेच राहतात. पुन्हा दुकान, पुन्हा कागद, पुन्हा हजारपासून. एक नंबर आडवा घासायचा, पुढचा उभा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. दुपारी दोन वाजता माझा उजवा खांदा माझा राहिला नव्हता.

पण कंपाउंड लावून फडक्यानं घोटलं आणि काच अशी निखळ दिसायला लागली की आतला बल्ब, चांदीची वाटी, सगळं स्वच्छ. लगेच लॅकर फवारलं. ते न मारता सोडलं तर काही महिन्यांत पुन्हा कढी. ते वाळायच्या आत एक चिलट येऊन बसलं आणि कायमचं राहिलं. बायकोनं बोट दाखवलं तेव्हा मी, "ते आतून आहे," असं सांगितलं.

उजवा दिवा पुढच्या रविवारी करायचा ठरला. मध्ये बरेच रविवार गेले.

परवा चेअरमन गाडीजवळ थांबले. एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे.

"ही नवीन टाकली वाटतं? कितीला पडली?"

सहा तास घासली, हे सांगायला जीभ वळेना. "साडेतीन हजार," मी म्हणालो.

"फसवलं तुम्हाला," ते म्हणाले. "टूथपेस्टनं झालं असतं."