काका, हे किती रविवार येणार?

आज डोकं फिरलंय. दुपारपासून दोनदा लिहायला बसलो, दोनदा पुसून टाकलं. आता घरातले झोपलेत. आता लिहितोच.

आमचा नवी मुंबईतल्या दिघ्याचा रविवारचा वर्ग तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. समाजमंदिराची एक खोली, सकाळी दहा ते बारा, आठवी ते दहावीची पंचवीसेक पोरं. बहुतेक इलठणपाड्याच्या बाजूची. कुणाचे वडील रबाळ्याला एमआयडीसीत रोजंदारीवर, कुणाची आई ऐरोलीत चार घरची धुणीभांडी करते, दोघं आजीकडे राहतात. प्रत्येक दोन-तीन पोरांमागे आमच्यातलं एक माणूस, वर्षभर तेच. शिकवणी म्हणा, सोबत म्हणा.

आज तिथे एका मोठ्या कंपनीची चाळीस माणसं आली. पंचवीस पोरांना चाळीस माणसं! सगळ्यांच्या अंगात सारखे टीशर्ट, दाराला बॅनर, बॅनरवर 'मेंटॉरिंग डे'. पोरांना एकेक ड्रॉइंग पेपर दिला आणि 'माझं स्वप्न' काढायला सांगितलं. मग कागद हातात धरून फोटो. मग परत एकदा फोटो, कारण पहिल्यात बॅनर कापला गेला होता. मग खाऊचे डबे. सव्वाबाराला एसी बस गेली.

बॅनर सोडवायला नववीतली एक मुलगी मला मदत करत होती. सुतळीची गाठ सोडवता सोडवता म्हणाली, "काका, हे किती रविवार येणार?"

रागाने नाही विचारलं तिने. टँकर किती वाजता येणार हे ज्या आवाजात विचारतात ना, त्या आवाजात. मी म्हटलं, "आजच्यापुरते आले होते गं." तर तिने तळहात पुढे केला. त्यावर बॉलपेनने मोबाइल नंबर. त्या चाळिसांतल्या एका चष्मेवाल्या मुलाने लिहून दिला होता. "ते दादा म्हणाले, दर रविवारी माझं गणित घेणार. फोन कर म्हणाले."

तिथपासून डोकं फिरलंय.

मला कंपनीचा राग नाही, खाऊचा नाही, टीशर्टचा तर नाहीच. राग त्या 'दर रविवारी'चा आहे. बस बाहेर उभी असताना, परत येणार की नाही याचा विचारही न करता, चौदा वर्षांच्या पोरीला 'दर रविवारी' म्हणायचं? या पोरांना 'येतो' म्हणून गेलेली माणसं कमी आहेत का? कुणाचा बाप 'येतो' म्हणून गेलाय. आता त्यात आपणही भर घालायची?

ज्यांनी माझ्याकडून आधी ऐकलंय त्यांनी माफ करा, पण मला परत त्या मुलाबद्दल सांगायचंय. नाव लिहीत नाही, तो आता मोठा झालाय आणि हे वाचेलही.

माझ्याकडे आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. वडील वारलेले. नववीत शाळा सुटलेली, पहाटे गाड्या धुवायचा. त्याच्याबरोबर माझ्या आधी एक तरुण मुलगी बसायची, इंजिनिअर. शिकवायची फार छान, मी पाहिलंय. तीन महिने एकही रविवार चुकला नाही. मग तिला पुण्यात नोकरी लागली आणि ती गेली. आम्हाला मेसेज केला. त्याला सांगितलं नाही. जीवावर आलं असेल, मी समजू शकतो.

तो माझ्यासमोर पाच महिने पाठ करून बसला. अक्षरशः. खोलीत कोपऱ्यात पाण्याचा पिंप आहे, त्याच्याकडे तोंड करून. मी काही विचारलं तर पिंपाला उत्तर द्यायचा, तेही 'हं' नाहीतर 'नाय'. पण यायचा. दर रविवारी दहाच्या आधी यायचा आणि पाठ करून बसायचा. मला पहिले दोन महिने वाटायचं, याला आवडत नाही तर येतो कशाला? मग एकदा मी ट्रान्सहार्बर लोकल बंद पडल्यामुळे पाऊण तास उशिरा पोचलो, तेव्हा दिघा गाव स्टेशन झालेलं नव्हतं, ठाण्याहून यायचं तर ऐरोलीला उतरून रिक्षा. तर हा समाजमंदिराच्या बाहेर, रस्त्याच्या पार तोंडाशी उभा. मला बघितलं आणि आत जाऊन पिंपाकडे तोंड करून बसला.

तेव्हा मला कळलं की तो मला मोजतोय.

आता लोक म्हणतात, 'मेंटॉरिंग' म्हणजे प्रेरणा द्यायची, करिअरचं मार्गदर्शन करायचं. अहो, कसली प्रेरणा? त्या मुलाला दहावीला बसायचं होतं. शाळा सुटलेल्या मुलाला बोर्डाची दहावी देता येते, त्याला १७ नंबरचा फॉर्म म्हणतात. ऑनलाइन भरायचा, संपर्क केंद्र म्हणून एक शाळा मिळते, मुदत टळली की विलंब शुल्क. एवढंच. पण फॉर्मला लागतो शाळा सोडल्याचा दाखला. आणि शाळा म्हणाली, जुनी फी बाकी आहे. एकदा गेलो, क्लार्क रजेवर. दुसऱ्यांदा गेलो, साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो मला फाटकाबाहेर म्हणाला, "काका, सोडा. मला माहितीये ते देणार नाहीत." मी कामावर अर्धी रजा टाकून आलो होतो. मी म्हटलं, बसू. दोघं बाकावर अडीच तास बसलो. दाखला मिळाला.

त्या अडीच तासांत मी त्याला एक शब्द शिकवला नाही. पण परत येताना बसमध्ये तो पहिल्यांदा आपणहून बोलला. गाडी धुताना आधी टप धुवायचं, मग खाली यायचं, लोक उलटं करतात, असं सांगत होता. मी घणसोलीपर्यंत ऐकत राहिलो, माझा स्टॉप मागे गेला.

हे एका दिवसात होत नाही. कितीही चांगला बॅनर लावा.

बरं, एक गोष्ट मान्य करतो. कंपन्यांचे पैसे लागतात. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करायला लावले, आणि आमच्या खोलीतले दोन पंखे आणि पोरांचे गाईड त्यातूनच आले. पैसे द्या, हात जोडून घेऊ. पण माणसं पाठवायची असतील तर चाळीस एकदा नको. एक पाठवा, चाळीस वेळा.

माझंही सांगतो, म्हणजे मी कुणाला वरून बोलतोय असं वाटायला नको. त्याच मुलाच्या दहावीच्या वर्षी आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं आणि मी लागोपाठ तीन रविवार गेलो नाही. वर्गातल्या बाकीच्यांना कळवलं. त्याला निरोप द्यायचं डोक्यातच आलं नाही. तीन वर्षं ज्या गोष्टीसाठी दुसऱ्यांवर चिडत आलो, तीच केली. चौथ्या रविवारी गेलो तर तो नव्हता. गाड्या धुतात तिथे गेलो, तिथेही नव्हता. शेवटी धरणाच्या कडेला सापडला, पोरांबरोबर पत्ते कुटत बसलेला. मी म्हटलं, आई आजारी होती रे, चुकलं माझं, सांगायला हवं होतं. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "आई बरी आहे का?" मी म्हटलं, आहे आता. त्याने हातातली पानं टाकली आणि चप्पल घातली.

मी घरी येऊन रडलो होतो त्या दिवशी. बायकोला माहीत आहे.

म्हणून मला कुणी 'आम्ही बिझी असतो हो' म्हणालं की राग येत नाही आताशा. बिझी असा. चुकवा रविवार. पण सांगा. पोरांना 'पुढच्या रविवारी नाही जमणार' हे ऐकून काही होत नाही, त्यांना नाही ऐकायची सवय आहे. वाट बघायला लावू नका.

आणि ज्यांना वाटतं, आपल्याला गणित-इंग्रजी येत नाही, आपण काय करणार, त्यांच्यासाठी. एका विधवा बाईला माहीत नसतं की बाल संगोपन योजनेत तिच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. माहीत असलं तरी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, हे गोळा करायला रोज बुडवावा लागतो. तिच्याबरोबर रांगेत उभं राहायला कुठलं गणित लागतं? शिक्षणहक्क कायद्याचं छत्र चौदाव्या वर्षापर्यंत. बालगृहातल्या मुलाला अठरा पूर्ण झाले की तिथून निघायचं. कायद्यात एकवीसपर्यंत पुढच्या आधाराची तरतूद आहे, पण ती त्याला सांगणारं, अर्ज भरून घेणारं कुणीतरी हवं ना. चौदा ते एकवीस. याच वयात आपल्या पोरांना आपण क्लासला सोडतो, आणायला जातो, परीक्षेच्या दिवशी दही-साखर हातावर ठेवतो. त्यांच्या हातावर कोण ठेवणार?

अमेरिकेत हे काम १९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातल्या एका क्लार्कने सुरू केलं. कोर्टात येणाऱ्या पोरांची रांग त्याला रोज दिसायची. एका पोरामागे एक मोठं माणूस मिळवायचं, एवढीच कल्पना. 'बिग ब्रदर्स' म्हणायचे. आज त्या संस्थेत जायचं तर निदान वर्षभराची बोली करावी लागते. वर्षभर जमणार नसेल तर पोराशी गाठच घालून देत नाहीत. मला ते पटतं. आपल्याकडे मात्र सर्टिफिकेट आधी विचारतात. गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "सर, किती तासांचं देता?" मी काही बोललो नाही. आता वाटतं बोलायला हवं होतं. कदाचित थांबला असता. लहानच होता तोही.

तो माझा पिंपाकडे तोंड करून बसणारा मुलगा दहावीला पहिल्या वेळी इंग्रजीत नापास झाला. जुलैच्या परीक्षेत सुटला. मग आयटीआय, इलेक्ट्रिशियन, दोन वर्षं. आता लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे आणि महिन्यातून एक-दोन रविवार आमच्या वर्गाला येतो. ज्या रविवारी येणार नसेल त्याच्या आधी शनिवारी फोन करतो. मला नाही करत, त्याच्याकडे जी दोन पोरं आहेत ना, त्यांच्या घरी करतो. हे मी त्याला शिकवलेलं नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि राग जरा उतरलाय. त्या चष्मेवाल्या मुलाचा चेहरा आठवतोय. तो फोटोत पुढे पुढे नव्हता. बाकीचे बसमध्ये बसले तरी हा त्या मुलीच्या वहीत वाकून काहीतरी दाखवत होता, त्याला हाक मारून न्यावं लागलं. कदाचित त्याला खरंच यायचं असेल. कदाचित मीच आज सगळ्यांना एका मापाने मोजलं.

म्हणून हे शेवटचं त्याच्यासाठी. माझ्या यादीत त्या कंपनीतले दोघं-तिघं आहेत, त्यांनी कृपा करून त्याच्यापर्यंत पोचवा.

बाळा, आज वर्गातून घरी जाताना ती मुलगी हात मुठीत धरून चालली होती. संध्याकाळी मुद्दाम वही घेऊन माझ्याकडे आली, नंबर उतरवून द्या म्हणाली. घामाने शेवटचा आकडा फिसकटलाय. तीन आहे की आठ, आम्हा दोघांनाही लागला नाही. तीनवर लावून पाहिलं, दुसऱ्याच कुणीतरी उचलला. आठवाला बंद लागतोय. तिच्याकडे स्वतःचा फोन नाही, आईचा रात्री आठनंतर घरी येतो.

येणार असशील तर मला मेसेज कर, मी तिच्या आईचा नंबर आईला विचारून देतो. येणार नसशील तरी कर. मी रागावणार नाही. मला पुढच्या रविवारी दहाच्या आत तिला काहीतरी एक सांगायचंय.