गाडी खाली बसवण्याचं शास्त्र

आधी चाकं घ्या. गाडी कुठली, तिला कुठली चाकं बसतात, खालची अवस्था काय, हे सगळं नंतर. तुमच्याकडे तीस-पस्तीस वर्षं जुनी हॉट हॅच, म्हणजे छोटी पण दमदार इंजिनाची हॅचबॅक आहे. वळणावर ती झुलते, खड्ड्यात पुढून ‘खट्’ असा आवाज येतो, ब्रेक मारला की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. अशा वेळी रसिकता नसलेला माणूस गाडी वर उचलून लोअर आर्मचे, म्हणजे चाक बॉडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश तपासतो. तुम्ही मोबाइल काढा आणि अलॉय चाकं बघायला लागा.

बुश म्हणजे तरी काय, लोखंडी नळीभोवतीचं बोटभर रबर. इतक्या वर्षांत ते तडकतं, नळीपासून सुटतं, आणि पहारीचं टोक घालून जरा रेटलं की अख्खा आर्म हलत्या दातासारखा डुलतो. ब्रेक मारताना चाक त्यामुळे आपल्या मर्जीने मागे सरकतं, हे खरं आहे. पण नवा बुश घातल्याचा फोटो कुणाला दाखवणार? बसवल्यावर तो दिसतसुद्धा नाही. जी वस्तू दिसत नाही तिच्यावर पैसे घालवायला तुम्ही काही इंजिनिअर नाही.

इंजिनिअरांवरून आठवलं. १९७६ साली फोक्सवॅगनची पहिली गोल्फ जीटीआय रस्त्यावर आली तेव्हा तिला ११० अश्वशक्तीचं इंजिन होतं, वजन ८०० किलोच्या आसपास आणि चाकं तेरा इंची. १९८४ च्या प्यूजो २०५ जीटीआयला चौदा इंची. बिचाऱ्यांना मोठी चाकं असतात हे कुणी सांगितलं नसावं. आपल्याला सतरा इंची हवीत. गोल्फच्या १७५/७० आर १३ टायरची (रुंदी १७५ मिलिमीटर, भिंत तिच्या सत्तर टक्के, रिम तेरा इंची) बाजूची भिंत सुमारे १२२ मिलिमीटर उंच असते, २०५/४० आर १७ ची ८२. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामध्ये जे रबर होतं, त्यातलं चार सेंटिमीटर गेलं. जाऊ द्या. तेवढा खड्डा तुम्हाला जास्त जवळून अनुभवता येईल.

शिवाय नवं चाक एकूण वीसेक मिलिमीटर उंच होतं, त्यामुळे स्पीडोमीटर आधीपेक्षा साडेतीन टक्के कमी वेग दाखवतो आणि प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो. गाडी पूर्वीसारखी उसळत नाही असं वाटलं तर चाकांवर संशय घेऊ नका, मोठा एअर फिल्टर घ्या. कुणी शहाणा सांगेल की १९५/५० आर १५ चा बाहेरचा व्यास ५७६ मिलिमीटर, म्हणजे मूळच्या ५७५ ला जवळजवळ तंतोतंत, आणि त्यात टायरही चांगले मिळतात. इतका नेमका हिशेब जुळला की समजावं, यात मजा नाही.

वजनाचा मुद्दा काढणाऱ्यांना तर बोलूच देऊ नका. स्प्रिंगच्या खाली जे लटकतं, म्हणजे चाक, टायर, हब (ज्यावर चाक बोल्टने बसतं तो भाग), ब्रेक, ते हलकं असलं तर रस्त्याचा आकार सोडत नाही, जड असलं तर उंचवट्यावरून उडून उशिरा परत येतं. स्वस्तातली ओतीव अलॉय घेतली की हे उशिरा परत येणं तुम्हाला मोफत मिळतं. हवेत असलेल्या चाकाला पकड नसते हे मान्य, पण तेवढा वेळ टायर झिजतही नाही.

आता चाक बसतं की नाही. गोल्फचे चार बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, प्यूजोचे १०८ च्या. आठ मिलिमीटरवरून कोण भांडतं? मधलं भोक हबपेक्षा मोठं निघालं तर मधे रिंग घालावी लागते म्हणतात. घालू नका. वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं, आणि त्यालाच लोक ‘रस्त्याचा फील’ म्हणतात. बोल्टही जुनेच वापरा. गोल्फच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार, बाजारातल्या बहुतेक अलॉयची शंकूसारखी. दोन्ही एकमेकांना फक्त एका बारीक कडेवर टेकतात आणि हळूहळू सैल होतात. पण बोल्ट आत गेला ना? मग झालं.

ऑफसेट मात्र काळजीपूर्वक चुकवा. चाक हबला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो हा आकडा, ‘ईटी’ म्हणून लिहितात. मूळ ईटी ३८ असेल तर ईटी १५ ची चाकं घ्या, चाक तेवीस मिलिमीटर बाहेर येतं आणि गाडी कशी दंड फुगवून उभी राहते. रस्त्यातल्या प्रत्येक चरीला स्टिअरिंग तुमच्या हातातून ओढून नेईल, व्हील बेअरिंग लवकर गुणगुणायला लागेल आणि मागे दोन माणसं बसली की मडगार्डची कड टायर सोलून काढेल. मागे माणसं बसवायचीच कशाला?

चाकं लागली की मडगार्डात पोकळी दिसते. इथून खरी साधना सुरू. गाडी साठ मिलिमीटर खाली बसवायची. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या खांबात) गाडीत पुढचा लोअर आर्म मूळ उंचीवर साधारण आडवा किंवा बाहेरच्या टोकाला किंचित उतरता असतो. गाडी खाली आली की तो उलटा, बाहेरच्या टोकाला वर चढलेला दिसतो. मग गंमत होते. गाडीचा गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो त्याहून जास्त खाली जातो तो बिंदू, ज्याच्याभोवती बॉडी वळणावर कलते. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे कलंडवणारा दांडा लांब होतो. गाडी कमी झुलावी म्हणून तुम्ही ती खाली बसवलीत आणि ती झुलायला आणखी उत्सुक झाली. उपाय सोपा आहे, आणखी कडक स्प्रिंग. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या टायरॉडचा कोन बिघडल्याने खड्ड्यात गाडी आपोआप थोडी वळते, पण तुम्हीही तर वळणारच होता.

बजेट आटलं असेल तर स्प्रिंग कापा. एक वेटोळं कमी झालं की स्प्रिंग थोडी कडक होते, पण साठ मिलिमीटरचा प्रवास गेला त्या मानाने अगदीच थोडी. उरलेला प्रवास बंपस्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शन तळाला आपटू नये म्हणून बसवलेल्या रबरी ठोकळ्यावर, साजरा करायचा. चाक लटकलं की कापलेली स्प्रिंग बैठकीतून सैल सुटते आणि परत बसताना नेमकी जागेवर बसेलच असं नाही. शॉक्स अर्थातच जुने, तेल गळणारे ठेवा. स्प्रिंग कडक, तिला आवरणारं कुणी नाही. यालाच स्वातंत्र्य म्हणतात.

२०५ वाल्यांची मात्र पंचाईत आहे. मागची स्प्रिंग कापायला करवत घेऊन खाली शिरलात तर स्प्रिंग सापडणारच नाही. मागे टॉर्शन बार आहेत, पिळल्या जाणाऱ्या पोलादी सळया. त्या ओढून काढायच्या, दाते मोजून पुन्हा घालायच्या, आणि इतक्या वर्षांनी त्या सहज बाहेर येतात असं सांगणाऱ्या माणसाशी मैत्री ठेवू नये. त्या सळया ज्या मागच्या आडव्या बीममध्ये बसतात, त्यातच नीडल बेअरिंग असतात. त्यांत पाणी शिरलं की ती गंजतात, शाफ्ट खातात, आणि मागची चाकं वरून आत झुकायला लागतात. अनेक मालक हे पाहून हरखून जातात. निगेटिव्ह कँबर, तोही एक पैसा न खर्चता! बीम उघडून दुरुस्त करणारा मनुष्य दुर्मीळ आहे, कारण त्याला टाळ्या मिळत नाहीत.

ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी कॉइलओव्हर, म्हणजे उंची आणि कडकपणा फिरवून बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच, घ्यावेत. निवडताना एकच गोष्ट बघा, नॉबला क्लिक किती. जास्त क्लिक म्हणजे जास्त चांगलं. मग सगळे क्लिक कडकच्या टोकाला फिरवा आणि कायमचे विसरून जा. बऱ्याच एकनॉबी शॉक्समध्ये तो नॉब मुख्यतः स्प्रिंग परत उघडण्याचा वेग कमी करतो. रस्ता सलग खडबडीत असला की एका उंचवट्यानंतर स्प्रिंग उघडायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा, आणि गाडी आपली आपण खाली खाली बसत जाते. साठ मिलिमीटर खाली आणण्याचे पैसे दिलेत आणि ऐंशी मिळाले.

पुढे जाड अँटीरोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचा कल कमी करणारी सळई, टाका. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणावर आतल्या चाकावरचं ओझं आणखी कमी होतं आणि ॲक्सिलरेटर दिला की ते जागच्या जागी फिरून रबर जाळतं. मागे जाड बार टाकला तर आतलं मागचं चाक हवेत उचललं जातं. जुनी गोल्फ तशीही वळणात तीन चाकांवर दिसायचीच, फोटोला छान. आणि २०५ मध्ये वळणाच्या ऐन मध्यावर भीती वाटून पाय उचललात तर मागचा भाग पुढे यायला निघतो. ही ख्याती तिची कारखान्यातून आलेली आहे, तुम्ही फक्त ती जपायची.

एवढं झाल्यावर ‘खट्’ अजून येत असेल, तर नाइलाजाने बुश बदला. रबरी बुश आत पिळले जातात, म्हणून गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून मगच बोल्ट शेवटचे आवळायचे असतात. आपला मेकॅनिक घाईत आहे, त्याला लिफ्टवर लटकत्या आर्मलाच आवळू द्या. गाडी खाली उतरताच नवा बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत बसतो आणि लवकर फाटतो. म्हणजे पुढच्या वर्षीही खरेदीला निमित्त उरतं.

अलाइनमेंटला जाऊ नका. ते मशीन तुमच्या गाडीबद्दल पूर्वग्रहाने वागतं, सगळे आकडे लाल दाखवतं. टायर? पैसे संपले ना. अलॉयसोबत आलेले जुनेच चालवा. त्यांच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, ‘२३११’ म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. भिंतीवर बारीक तडे असतील, पण नक्षी कशी कोरी करकरीत दिसते!

आणि कधीतरी एखाद्या उखडलेल्या, वळणावळणाच्या रस्त्यावर मागच्या आरशात तुमच्याच मॉडेलची दुसरी गाडी दिसेल. कंपनीच्या उंचीवर, छोट्या चाकांवर, वळणात अंमळ कलणारी. फक्त बुश, शॉक्स आणि टायर नवे. तुमची गाडी बंपस्टॉपवर आपटत रस्त्याच्या कडेकडे सरकत असताना ती जवळ येईल, थोडी मागे थांबेल आणि पहिल्या सरळ तुकड्यावर निवांत पुढे निघून जाईल. अजिबात खचू नका. भेटेल त्याला सांगा, त्याने इंजिन बदललंय.