१२ किलोची तलवार उचलणार कोण?

फॉरवर्ड नेहमीच्याच थाटातला. "विल्यम वॉलेसची तलवार १२ किलोची होती. तो ती पाठीवर बांधून फिरायचा आणि खांद्यावरून उपसायचा. कलोडनला हायलँडर हीच तलवार घेऊन तोफांवर तुटून पडले. अस्सल तलवार वजनावरून ओळखावी." वॉलेस म्हणजे इंग्रजांशी लढलेला स्कॉटलंडचा वीर, हायलँडर म्हणजे तिथल्या डोंगराळ भागातले लोक, आणि कलोडन म्हणजे त्यांनी सरकारी सैन्याशी लढाई दिली ते मैदान. एरवी डिलीट करून विसरलो असतो. पण ग्लासगोत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने हे वाचून ऑनलाइन साडेचार किलोची 'क्लेमोर', म्हणजे स्कॉटलंडची मोठी तलवार, मागवली आणि जुन्या लढाया उभ्या करणाऱ्या तिथल्या एका ग्रुपमध्ये मिरवत नेली.

१२ किलो म्हणजे तांदळाच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या आणि वर दोन किलो साखर. हे काठीच्या टोकाला बांधा आणि दिवसभर फिरवा. स्टर्लिंगच्या वॉलेस स्मारकात जी तलवार 'त्याची' म्हणून दाखवतात, ती १६३ सेंटिमीटर लांब आहे आणि वजन २.७ किलो. तीही त्याचीच का, यावर जाणकारांना शंका आहे. वॉलेसला १३०५ मध्ये मारलं, आणि दोन हातांनी धरायची क्लेमोर ही साधारण १५०० नंतरची चीज. मिरवणुकीत नुसत्या धरायच्या काही तलवारी जड असत, हे मान्य. त्या लढायला नव्हत्याच.

पाठीवरून उपसणं? त्या तलवारीचं पातं १३२ सेंटिमीटरचं. मी पडद्याचा दांडा पाठीला बांधून हात वर ताणून पाहिला. अर्ध्यावर अडकतो. बायकोने विचारलं ते इथे लिहीत नाही.

कलोडनचा मुद्दा मात्र संताप आणणारा आहे, कारण त्यात त्या माणसांना वेडं ठरवलंय. १६ एप्रिल १७४६ च्या त्या लढाईनंतर सरकारी सेनापती कंबरलंडच्या सैन्याने मैदानावरून हत्यारं गोळा केली. त्या नोंदीत बंदुका २,३२० आहेत आणि तलवारी १९०. बस्स, आणखी काय सांगायचं! हायलँडर बंदुका घेऊनच आले होते. ज्यांच्याकडे तलवार होती, त्यांच्याकडे ती एका हाताची, टोपलीसारख्या जाळीदार मुठीची होती. वजन सव्वा किलोच्या आसपास. पाती बरीचशी जर्मनीतल्या झोलिंगेनची, मूठ स्कॉटलंडची. आपल्या फिरंगी तलवारीसारखंच, पातं परकं आणि मूठ घरची.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. हायलँडरांच्या गेलिक भाषेत क्लेमोर म्हणजे 'मोठी तलवार', आणि अठराव्या शतकात लोक या जाळीदार मुठीच्या तलवारीलाही क्लेमोर म्हणत. तेव्हा कलोडनला क्लेमोर होती, हे शब्दापुरतं खरं. फॉरवर्डसोबतचा फोटो मात्र कलोडनच्याही दोनशे वर्षं आधीच्या, दुसऱ्याच तलवारीचा आहे.

आता शेवटचं वाक्य, 'वजनावरून ओळखावी'. यातच हात-पाय जायचे. भाच्याला व्हिडिओ कॉलवर मुठीमागचा नट काढायला लावला. पात्याचा मुठीत शिरणारा भाग रुंद आणि अखंड हवा. इथे पेन्सिलएवढी सळई, पात्याला वेल्डिंगने चिकटवलेली. पातं स्टेनलेसचं. स्वयंपाकघरातल्या सुरीला ते चालतं, पण एवढ्या लांबीला ते ठिसूळ पडतं. दुसऱ्या तलवारीवर आदळली की वेल्डिंग सुटणार आणि पातं समोरच्या घोळक्यात जाणार. खेळायच्या तलवारीला कमानपाट्यासारखं लवचीक पोलाद लागतं, कड दोनेक मिलिमीटर जाड आणि गोलसर, टोकही गोल केलेलं. विकणाऱ्याने पानावर 'लढाईसाठी सज्ज' असं लिहिलं होतं. ग्रुपमधल्या तपासणाऱ्या बाईंनी ती एकदा हातात घेतली, हलवली, मुठीतला खडखडाट ऐकला आणि परत दिली.

विक्रेता परत घेत नाही म्हणतो. तलवार आता भाच्याच्या खोलीत भिंतीवर लटकतेय. पलंगाच्या वर नको, एवढं त्याला सांगितलंय.