आयोवा आपल्याला माहीत असायलाच हवं

अमेरिकेबाहेरच्या लोकांना तिथलं सगळ्यात जास्त ठाऊक असलेलं राज्य कोणतं? माझ्या मते कॅलिफोर्निया, आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. त्यामागून टेक्सास, फ्लोरिडा, हवाई, अलास्का. न्यूयॉर्कचं नाव सगळ्यांच्या ओठांवर असतं, पण मनात असतं ते शहर. त्याच नावाचं राज्य थेट नायगारापर्यंत पसरलंय आणि त्याची राजधानी ऑल्बनी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

कॅलिफोर्नियाला हा मान फक्त हॉलिवूड आणि सिलिकॉन व्हॅलीमुळे मिळालाय असं मात्र नाही. जगातल्या बदामांपैकी सुमारे ८० टक्के बदाम तिथे पिकतात आणि बाहेरच्या देशांमध्ये त्यांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक भारत. आयुष्यात एकही इंग्रजी सिनेमा न पाहिलेल्या आजीलाही वाण्याकडचे 'कॅलिफोर्निया बदाम' माहीत असतात. फळवाल्याच्या गाडीवरच्या 'वॉशिंग्टन' सफरचंदांचंही तेच. ती येतात वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यातून. राजधानी वॉशिंग्टन तिथून साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त लांब, पार पूर्वेला.

काही राज्यांचं नशीब असं की त्यांचं शहरच त्यांना झाकून टाकतं. विवेकानंदांच्या १८९३ च्या भाषणामुळे शिकागो आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतं, पण ते इलिनॉयमध्ये आहे हे कुणी सांगत नाही. लास वेगास सगळ्यांना माहीत, नेवाडा नाही. पेनसिल्व्हेनिया दर चार वर्षांनी निवडणुकीच्या मतमोजणीत टीव्हीवर झळकतं. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या त्या याच राज्यात, फिलाडेल्फियाला, हे आपल्याला त्या वेळी आठवायला हवं. मला तरी दर वेळी आठवतं.

पण ज्या राज्यासाठी मी ही पोस्ट लिहायला बसलोय ते आयोवा. नकाशाच्या मधोमध, मका-सोयाबीनचं, समुद्रकिनारा नसलेलं. परदेशात त्याचं नाव निघत नाही.

'एक होता कार्व्हर' वाचलेल्या मराठी माणसाला मिसुरी आणि अलाबामा ही नावं परकी वाटत नाहीत. मिसुरीत गुलामीत जन्मलेला जॉर्ज कार्व्हर, आणि अलाबामातल्या टस्कीगीत कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीवर भुईमूग आणि रताळी लावायला सांगणारे प्राध्यापक कार्व्हर. पण या दोन टोकांच्या मध्ये आयोवा आहे. कॅन्ससमधल्या एका कॉलेजने त्यांना केवळ कातडीच्या रंगामुळे दारातून परत पाठवलं होतं. त्यानंतर त्यांना शिकायला जागा दिली ती आयोवाने. तिथल्या शेतकी कॉलेजातून ते पदवीधर झाले, पुढे तिथेच शिकवू लागले, आणि १८९६ साली पदव्युत्तर पदवी घेऊन अलाबामाला गेले. आयोवाने तेव्हा दार उघडलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

नॉर्मन बोरलॉगही आयोवाचेच. १९१४ साली क्रेस्को गावाजवळच्या शेतकरी घरात जन्मले. त्यांनी मेक्सिकोत तयार केलेल्या बुटक्या गव्हाचं १८ हजार टन बियाणं भारताने १९६६ साली मागवलं. आपल्याकडे तेव्हा दुष्काळ होता आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला गहू मिळत होता. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या लाल गव्हाबद्दल विचारून बघा, अजून सांगतील. पुढच्या काही वर्षांत देशाचं गव्हाचं उत्पादन कुठल्या कुठे गेलं. अर्थात त्यामागे स्वामिनाथन होते, आपले शास्त्रज्ञ आणि शेतकरी होते. हरितक्रांतीने पाण्याचे आणि खतांचे प्रश्नही उभे केले. तरीही बोरलॉग यांचं ऋण मला फार मोठं वाटतं.

याच बोरलॉग यांनी सुरू केलेला जागतिक अन्न पुरस्कार दरवर्षी आयोवाच्या राजधानीतून, डी मॉइनमधून दिला जातो. १९८७ साली पहिलाच पुरस्कार स्वामिनाथन यांना मिळाला होता. आणि १९९८ साली तो मिळाला जालन्यात बियाण्यांची कंपनी उभी करणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना. मराठवाड्यातल्या माणसाच्या कामाची जगात दखल घेणारं राज्य आपल्या मुलांना पहिल्या पाच नावांत सांगता यावं, एवढीच माझी इच्छा आहे.